आतलं बूच

वहाबने आणि मी एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली पंचवीस वर्षं आमच्या दोघांमध्ये एक पिवळा पट्टा होता.

खामगावच्या बाहेर, नांदुऱ्याच्या रस्त्याला आमचा कारखाना. मिरची, हळद, ओवा, जे येईल त्याचा अर्क काढायचा. माल दळायचा आणि हेक्झेनमध्ये भिजवायचा. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचं सख्खं भावंड. ते मिरचीतला रंग, तिखटपणा, वास सगळं ओढून घेतं. मग तापवून हेक्झेन उडवून लावायचं आणि खाली राहिलेला घट्ट लाल अर्क भरून ठेवायचा. आता हेक्झेनला ठिणगी चालत नाही, आणि तापवायला वाफ तर लागतेच. म्हणून हेक्झेन एका टोकाला, माझा बॉयलर दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या अंगणात आडवा ओढलेला पिवळा पट्टा. पलीकडे काडीपेटी न्यायची नाही, मोबाईल नाही, खिळ्याची चप्पल नाही, नायलॉनचा सदरा नाही. मी आगीचा माणूस, वहाब हेक्झेनचा. पट्ट्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसून आम्ही चहा प्यायचो. बिडी ओढायला मी आणखी दहा पावलं मागे जायचो, तरी तो पलीकडून ओळखायचा की हिंमतने आज बिडी बदलली.

त्याच्या कार्डावर 'हेल्पर' असं लिहिलं होतं. खरं पद नाक.

अर्कात हेक्झेन राहून गेलं का, हे वहाब हुंगून सांगायचा. प्रयोगशाळेत नमुने जायचे, नाही असं नाही, पण ते महिन्यातून एकदा. रोजचा निकाल वहाबच्या नाकावर. त्याची एक रीत होती. कागदाच्या पट्टीवर अर्काचा थेंब घ्यायचा, पट्टी तळहातावर धरून ऊब द्यायची, डोळे मिटायचे आणि श्वास एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा हुंगणाऱ्याला तो माणसात धरत नसे. डोळे उघडायचे ते निकाल देऊनच. एक तर "पास", नाही तर "अजून उडवा". तो डोळे मिटून उभा असला की मालकसुद्धा तोंडातली सुपारी चघळायचे थांबत. मी हे स्वतः पाहिलं आहे.

हेक्झेनला तो घरजावई म्हणायचा. आला की आपल्या पायाने कधी जात नाही, ढकलून लावावं लागतं, आणि ढकललं तरी एखादी बनियन दोरीवर वाळत ठेवूनच जातो. ती बनियन हुडकायचं माझं काम, असं तो म्हणायचा. माणूस तसा फुशारकी मारणारा होता, मी कशाला लपवू? पण ज्याची फुशारकी खरी असते त्याला बोलून कोण वाईटपणा घेतो.

त्याचं गाव पिंपळगाव राजा. बायको ताहेरा, माहेर जळगाव जामोदचं. एकच मुलगी, महनूर, बुऱ्हाणपूरला दिलेली. ताहेराबाईंना मी सव्वीस वर्षांत पाच-सहा वेळा पाहिलं असेल, पण त्यांचा मसाला दर उन्हाळ्यात आमच्या घरी यायचा. काळा, खमंग, डब्याचं झाकण उघडलं की शेजारीण विचारायला यावी असा. तो मसाला कांडला की वहाबच्या घरात परीक्षा व्हायची. पहिलं सालन, म्हणजे रस्सा, शिजायचं, ताहेराबाई ताट समोर ठेवायच्या, हे महाशय डोळे मिटून एक श्वास ओढायचे आणि म्हणायचे, "पास." मग ताहेराबाई चुलीकडे तोंड फिरवायच्या. हे तो मला दरवर्षी सांगायचा, आणि दरवर्षी म्हणायचा की इतकी वर्षं झाली तरी बाई लाजते.

या मसाल्याची एक जुनी गोष्ट होती. जळगाव जामोदच्या बाजूला पानपिंपरी पिकते, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि तिकडच्या बायका ती मसाल्यात घालतात. पानपिंपरी म्हणजे मिरीची लांबोडकी बहीण. वहाब लहान असताना खोकला झाला की त्याची आई ती दुधात उकळून नाक दाबून पाजायची. तेव्हापासून त्याला तिचा वास म्हणजे दुखणं. लग्नानंतर महिन्याभरात ताहेराबाईंनी माहेरच्या मसाल्याचं सालन केलं. वहाबने एक श्वास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. म्हणाला, हे सालन आहे का हकिमाचा काढा? एकोणीस वर्षांची पोर, चार माणसांसमोर. त्या दिवसापासून पानपिंपरी घरात आली नाही. तो हे अभिमानाने सांगायचा. माझ्या नाकापासून पानपिंपरी लपवील असा माणूस जन्मला नाही, म्हणायचा.

एकदा, सहा वर्षं झाली असतील, आमच्या कौशल्याबाईंनी त्या मसाल्याची आमटी केली आणि चमचा चाटून म्हणाल्या, पानपिंपरी आहे हो यात, फक्कड. मी दुसऱ्या दिवशी पट्ट्याअलीकडून वहाबला सांगितलं. तो अख्खी पाळी हसत होता. "हिंमत, तुह्या बायकोले सर्दी झाली," म्हणाला. मीही हसलो. घरी येऊन बायकोला तुला काही कळत नाही असं बोललो, ते वेगळंच.

दोन वर्षांपूर्वी ताहेराबाई गेल्या. छातीत दुखतं म्हणाल्या, बुलढाण्याला नेईपर्यंत काही उरलं नाही. वहाब चाळीस दिवसांनी कामावर आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. येताना त्याने जेवणाचा डबा आणला नव्हता, आणि पुढे कधी आणलाही नाही. कँटीनची पोळी-भाजी खायचा, आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आमच्या कँटीनच्या भाजीबद्दल जो बोलत नाही त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं, हे मला कळायला हवं होतं.

घरी ताहेराबाईंच्या हातच्या शेवटच्या मसाल्याचा एक पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचा, चौकोनी. त्यातला चमचाभर तो फक्त शुक्रवारी काढायचा. आठवड्यातून एक दिवस वीज नसते, ती लाईटची सुट्टी आमच्याकडे शुक्रवारी, कारखाना बंद. नमाज पढून यायचं, एकट्यापुरतं सालन शिजवायचं, खायचं, भांडी घासायची. बाकीचे सहा दिवस काय खातोस, असं मी विचारलं तर म्हणाला, "खातो काहीबी. पोट हाये ते, त्याले काय समजते." महनूरने आईच्या यादीप्रमाणे मसाला करून बुऱ्हाणपूरहून पाठवला, तर हा म्हणाला, काहीतरी कमी आहे. तिने परत केला, परत काहीतरी कमीच. शेवटी पोरीने पाठवायचं सोडलं.

गेल्या वर्षी आमचा मिरचीच्या अर्काचा एक मोठा माल परदेशातून परत आला. त्यात हेक्झेन सापडलं होतं, चालतं त्याच्या कितीतरी पट. तो माल वहाबने पास केला होता. मालक वहाबला एका शब्दाने बोलले नाहीत. भट्टीवाल्यांवर ओरडले, पावसाळी हवेवर ओरडले, आणि तीन महिन्यांनी नवं मशीन आणलं. मशीनबरोबर अर्पिता आली. मेहकरची पोरगी, पुण्यात रसायनशास्त्र शिकलेली. पुण्यात राहून भाषा जरा धुतली गेली होती, पण राग आला की मेहकर बाहेर यायचं.

नव्या मशीनमध्ये हेक्झेन नाही. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू, कार्बन डायऑक्साईड. अर्पिताने आम्हा सगळ्यांना उभं करून समजावलं. हा वायू एकतीस अंशांच्या वर तापवला आणि हवेच्या दाबाच्या पंच्याहत्तर पटींवर दाबला, की तो धड वायू राहत नाही आणि धड पाणीही होत नाही. वायूसारखा कुठेही शिरतो आणि पातळ पदार्थासारखा विरघळवून घेतो. मी म्हटलं, एकतीस अंश तर आपल्याकडे मे महिन्यात पहाटेच असतात, म्हणजे अर्धं काम खामगावनेच केलं. ती हसली. मग म्हणाली की मालातून हा वायू वास, रंग, तिखटपणा सगळं घेऊन निघतो, पुढच्या भांड्यात दाब सोडला की घेतलेलं सगळं तिथे टाकून देतो आणि कोरडा होऊन परत कामाला लागतो. अर्कात मागे काहीच राहत नाही. ना विष, ना वास, ना आगीची भीती. विद्यापीठात ती याहून वेगळ्या गोष्टीवर काम करत होती, आयनिक लिक्विड म्हणून. मीठच, पण साध्या हवेत पातळ राहणारं. ते कधी उडत नाही, म्हणून त्याला वासच नसतो. हे सगळं चांगलं आहे, जगाला यातलंच काहीतरी वापरावं लागणार, असं ती म्हणाली.

वहाब मागे उभा होता. त्याने एकच विचारलं, मग हुंगायचं काय?

अर्पिता गोंधळली. म्हणाली, "चाचा, आता हुंगायची गरजच नाही."

तिने ते चांगल्या मनाने सांगितलं खरं. सव्वीस वर्षांचं नाक एका वाक्यात रिटायर झालं. वहाबला दळलेला माल टोपलीत भरायचं आणि वास निघून गेलेला चोथा बाहेर टाकायचं काम मिळालं. पिवळ्या पट्ट्याचीही गरज उरली नाही. पहिल्या दिवशी मी पट्टा ओलांडून थेट त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि बिडी पेटवली. वाटलं, आता शिव्या घालील. बिडी कोणती, हेही त्याने ओळखून सांगितलं नाही. मला वाटलं, दुःखात आहे. माणूस आपल्याला सोयीचं तेच वाटून घेतो.

मग मार्चमध्ये एक दिवस तो डबा घेऊन आला. ताहेराबाईंच्या निळ्या ओढणीत बांधलेला. अर्धाअधिक भरलेला होता. आता दोन-दोन चमचे घालतो तरी सालन पाण्यासारखं लागतं, म्हणाला. डब्यातून वास चालला आहे. एकदा गेला की गेला. अर्पिता म्हणाली होती की मशीनमधून काढलेला अर्क बाटलीत बंद ठेवला तर वर्षानुवर्षं जसाच्या तसा राहतो. तर या मसाल्याचा अर्क काढून घ्यायचा. सगळा जाण्याआधी बाटलीत घालायचा.

"पाह्य ना, राह्यलाच नाही काही," म्हणत त्याने झाकण काढून डबा माझ्या तोंडापुढे धरला.

मला सटासट तीन शिंका आल्या. वास कुठेही गेला नव्हता. जशाला तसा होता, दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी यायचा तसाच. मी डोळे पुसत वहाबकडे पाहिलं. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. तेव्हाच सगळं माझ्या लक्षात आलं, परत आलेला माल, बिडी, कँटीनची भाजी. डबा विझत नव्हता, वहाबचं नाक विझलं होतं.

आणि मी काय बोललो? म्हणालो, "हो, कमी तर झाला आहे." सव्वीस वर्षांच्या दोस्ताला मी एवढंच देऊ शकलो. त्या क्षणी खरं बोललो असतो तर डबा वाचला असता. मी स्वतःला समजावलं की बायको गेली, काम गेलं, आता नाकही गेलं हे कोणत्या तोंडाने सांगू? पण खरं कारण असं की मला त्याचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती. नाव हिंमतराव, आणि ही गत.

मालकांनी परवानगी दिली. प्रयोगासाठी मशीनला एक लहान भांडं आहे, त्यात डबाभर मसाला सहज मावला. वहाबने ओढणी झटकून शेवटची चिमूटही आत टाकली. डबा धुतल्यासारखा रिकामा केला. मग मशीन बंद झालं, काटे चढले, आणि आम्ही तिघं वाट पाहत बसलो. दोन तासांनी दाब सुटायला लागला आणि अर्क पुढच्या भांड्यात उतरू लागला. काळपट तपकिरी, मधासारखा. खोलीभर असा घमघमाट सुटला की अर्पिताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी शिंकलो. मला तर क्षणभर आमच्या घरातला जुना उन्हाळा आठवला.

वहाब मान पुढे काढून म्हणाला, "निघाला का? अजून वास नाही येऊन राह्यला."

अर्पिताने माझ्याकडे पाहिलं, मी काट्यांकडे. तिने घाईघाईने अर्क एका लहानशा बाटलीत घेतला, वास उडू नये म्हणून बाटलीच्या तोंडात आतलं पांढरं बूच दाबून बसवलं, वरून झाकण फिरवलं आणि बाटली वहाबच्या हातात ठेवली. वहाबने ती दोन्ही तळहातांत धरून ऊब दिली. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच झाकण फिरवून काढलं, बाटली नाकाशी नेली, आणि रीतीप्रमाणे एकच श्वास ओढला.

आतलं बूच तसंच होतं. मला दिसत होतं, अर्पितालाही दिसत होतं. ती हात पुढे करणार होती, मी तिचा हात धरला.

"पास," वहाब म्हणाला. चाचपून झाकण लावलं आणि मग डोळे उघडले. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी दुसरीकडे बघितलं. भांड्यात मागे उरलेला चोथा फिकट भुशासारखा झाला होता, निर्जीव. तो त्याने रोजच्यासारखा टोपलीत काढला, पण फेकला नाही. डब्यात भरला आणि डबा पुन्हा ओढणीत बांधला.

बाटली त्याने उघडायची नाही असं ठरवलं होतं. उघडली की थोडा वास जाणार. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि मधूनमधून वरून हात लावायचा.

अर्पिताने त्यातला थोडा अर्क ओव्याच्या नमुन्याबरोबर तपासायला पाठवला होता. तिला वाटलं, मसाल्यात काय काय आहे हे कळलं तर चाचांना तसा नवा करता येईल. पोरीचं मन चांगलं. आठ दिवसांनी कागद आला. आम्ही बॉयलरजवळच्या बाकावर बसलो होतो. ती वाचत गेली, दगडफूल, लवंग, दालचिनी, काळी मिरी, आणि वहाब मान डोलावत गेला. मग ती म्हणाली, "आणि पानपिंपरी. भरपूर आहे चाचा, मिरीपेक्षा जास्त."

वहाब म्हणाला, तुझं मशीन खोटं बोलतं. अर्पिताने समजावलं की पानपिंपरीत एक पदार्थ असतो तो काळ्या मिरीत असा सापडत नाही, त्यात चूक होत नाही. वहाबने कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत दिला आणि तिथेच बसून महनूरला फोन लावून पानपिंपरीचं विचारलं. घरात ते लोक उर्दूत बोलतात. पलीकडचं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं, वहाबला कानालाही मोठा आवाज लागतो. मी माझ्या भाषेत सांगतो.

पोरीने आधी टाळाटाळ केली. मग रडायला लागली. अम्मीने शपथ घातली होती, म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी, महनूरच्या लग्नाच्या वर्षी, एक दिवस चुलीवर दूध करपून कोळसा झालं आणि अब्बा शेजारीच पेपर वाचत बसले होते. अम्मी धावत आली. तिला संशय आला. म्हणून त्या उन्हाळ्यात तिने मसाल्यात चार पानपिंपऱ्या टाकल्या. अब्बांना इतर काही नाही कळलं तरी हे नक्की कळेल, ताट सरकवतील, मग आपली शंका फिटेल, असं तिला वाटलं. अब्बा म्हणाले, पास. अम्मी चुलीकडे तोंड करून रडली. पुढच्या वर्षी आठ टाकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मूठभर. दर वर्षी ती वाट बघायची की अब्बा ताट सरकवतील. महनूरला सांगून ठेवलं होतं, कुणाला बोलायचं नाही, नाकावर भाकरी आहे त्यांची. आणि यादीत पानपिंपरी लिहायची नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही.

वहाबने फोन मांडीवर ठेवला. पोरगी तिकडून अब्बा, अब्बा करत होती. त्याने खिशातून बाटली काढली. या खेपेला डोळे उघडे ठेवून झाकण फिरवलं. आतलं पांढरं बूच जसंच्या तसं बसलेलं होतं. त्याने त्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"हिंमत, त्या दिवशी हे लागेल होतं?"

"हो."

"तुले दिसत होतं?"

"हो. डबा आणलास त्या दिवशीच समजलं होतं मला."

"मंग काऊन नाही सांगतलं बे?"

मी म्हटलं, "तुला वाईट वाटलं असतं."

तो खाली बघून बोलला, आणि सावकाश बोलला. "तिनं नाही सांगतलं. पोरीनं नाही सांगतलं. मालकानं नाही सांगतलं. तू नाही सांगतलं. समद्यायनं मले जपलं. नऊ वर्षं मी एकटाच होतो राजेहो, अन् मले वाटे घर भरेल हाये."

अर्पिता उठून आत गेली. मी बसून राहिलो. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण आमच्यात तसली पद्धत नाही.

डॉक्टरांनी पुढे तपासलं. नाक एकदम नाही, थोडंथोडं करत गेलं, म्हणाले. इतकी वर्षं हेक्झेनच्या वाफेत गेली, त्याने झालं असेल किंवा वयाने, नक्की सांगता येत नाही, आणि परत येईल अशी आशा धरू नका, असं म्हणाले. वहाबने एवढंच विचारलं की जिभेला तिखट-मीठ कळतं ते राहील ना. ते राहील म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पिंपळगाव राजाला गेलो. त्याने बोलावलं नव्हतं. दुपारची नमाज आटोपून तो चुलीपाशी बसला होता. घर स्वच्छ होतं, आणि इतकं गप्प की रस्त्यावरच्या शेळीचं चरणं ऐकू येत होतं. फडताळात ओढणीत बांधलेला डबा, भुशाने भरलेला. मी त्याच्यासमोर बसलो. त्याने सालन उतरवलं, बाटलीचं बूच पहिल्यांदा काढलं, काडी बुडवून दोन थेंब पातेल्यात सोडले आणि ढवळलं. मग पळी माझ्यापुढे धरली.

"आहे का?"

मी डोळे मिटले. का मिटले ते मला माहीत नाही. एकच श्वास ओढला. ताहेराबाई सगळ्या होत्या त्यात.

"आहे," मी म्हटलं.

"पानपिंपरी?"

"खूप आहे. नाकात जाते."

या वेळी मी काहीही लपवलं नाही. त्याने दोन ताटं वाढली. भाकरी मोडली, एक घास सालनात बुडवला, आणि थांबला. मग घास ठेवला आणि आपलं ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं, चुलीच्या बाजूला, जिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"ताहेरा," तो म्हणाला, "हे सालन हाये का हकिमाचा काढा?"

त्याने थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली. मग ताट परत ओढून घेतलं आणि सगळं जेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही. मी आता दर शुक्रवारी जातो. बूच काढलं की तो बाटली आधी माझ्याकडे देतो, आणि मी सांगेपर्यंत जेवायला बसत नाही.